धनकोने कोठे थांबावे?

घेतलेले ऋण फेडले पाहिजे, ह्याविषयी आमच्या वाचकांत दुमत असेल असे आम्हांस वाटत नाही. उसने घेऊन परत न करणाऱ्याची गणना स्तोत्रकर्त्याने दुर्जनांत केली आहे, आणि आमच्या गावांतूनही 'देणे बुडविणारा' हा शब्द कोणी सुखाने ऐकून घेत नाही. तेव्हा ऋण फेडावे की न फेडावे हा आजचा प्रश्न नव्हे. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. ऋणको फेडीत नाही म्हणून धनको कोर्टात जातो. कोर्ट उभय पक्षांचे ऐकून घेते व धनकोच्या बाजूने हुकूमनामा करिते. मुद्दल ठरले, व्याज ठरले, खर्च ठरला. एवढे झाल्यावर ऋणकोजवळ जे काही सापडेल ते सर्व उचलून नेण्यास धनको मोकळा झाला काय? आणि कायद्याचा हात जेथवर पोहोचतो तेथवर तो घालणे हे नीतीच्या दृष्टीनेही निर्दोष म्हणावे काय?

पूर्वी जप्ती ही साऱ्या गावास दिसणारी गोष्ट असे. बेलीफ येई, पंच बोलावले जात, भांडीकुंडी अंगणात मांडून त्यांची यादी होई, आणि दाराआड उभ्या असलेल्या बायकामुलांकडे पाहण्याचे धैर्य फिर्यादीसही होत नसे. बँकेतील खात्याच्या जप्तीत ह्यातले काही घडत नाही. हुकूमनामा मिळविलेला धनको दरखास्त दाखल करितो व ऋणकोचे खाते अमुक बँकेच्या अमुक शाखेत आहे असे कोर्टास कळवितो. खात्यातील शिल्लक म्हणजे कायद्याच्या भाषेत बँकेचे खातेदारास देणे होय. धनकोचा ऋणको हा ह्या नात्याने बँकेचा धनको ठरतो. मग कोर्ट बँकेस नोटीस काढते की, हे पैसे खातेदारास न देता कोर्टात भरावे, अथवा का भरू नयेत ह्याचे कारण दाखवावे. दिवाणी प्रक्रिया संहितेत ही रीत 1976 च्या दुरुस्तीने सविस्तर घालण्यात आली. पैसे देणे असलेली संस्था सहकारी पतसंस्था असेल, तर दिवाणी कोर्टाची पायरीही चढावी लागत नाही; महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 ह्याच्या कलम 101 खाली वसुलीचा दाखला मिळतो, आणि वसुली अधिकारी जप्ती करू शकतो. बँकेचे स्वतःचे कर्ज थकले असेल तर ती आपल्याच घरात ठेवलेली रक्कम अडवून धरिते. त्यास लोक 'होल्ड लावला' असे म्हणतात. तिन्ही प्रकारांत दारी कोणी येत नाही. खातेदारास पुष्कळदा ही वार्ता कळते ती बाजारच्या दिवशी पैसे काढावयास गेल्यावर, खिडकीपाशी.

कायद्याने धनकोस अगदीच मोकळे सोडले आहे असे मात्र कोणी समजू नये. दिवाणी प्रक्रिया संहिता 1908 सालची आहे, आणि तिच्या 60 व्या कलमात ऋणकोजवळील कोणत्या वस्तूंस हात लावता येत नाही ह्याची यादी दिली आहे. अंगावरील आवश्यक वस्त्रे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्मरूढीप्रमाणे स्त्रीस अंगावेगळे करिता येत नाहीत असे दागिने, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, आणि त्याच्या निर्वाहास कोर्टास आवश्यक वाटतील इतकी जनावरे व बी-बियाणे, शेतकऱ्याचे राहते घर, मजुराची व घरगड्याची मजुरी, सरकारी नोकराचे निवृत्तिवेतन. ही यादी आमच्या उपदेशक बंधूंनी एकदा सावकाश वाचावी अशी आमची विनंती आहे. तीत दयेचा उमाळा कोठेच नाही. ती रुक्ष भाषेत लिहिली आहे. पण लिहिणाऱ्याने माणसाच्या घरात एकदा नजर फिरवून, ज्याच्यावाचून तो उद्या उभा राहू शकणार नाही तेवढे बाजूस काढले आहे, हे उघड दिसते. नांगर नेला तर उरलेले देणे कशातून फिटणार, हा त्यातील व्यवहारी हिशेब. तो खराच आहे. तथापि तेवढाच असता तर अंथरुणाचा व मंगळसूत्राचा उल्लेख तेथे येण्याचे कारण नव्हते.

ह्याच विषयावर मोशेच्या नियमशास्त्रात जे सांगितले आहे ते आमच्या वाचकांस ठाऊक आहे. जाते किंवा जात्याची वरची तळी गहाण घेऊ नये, कारण ते घेणे म्हणजे त्या माणसाचा जीवच गहाण घेणे होय. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले असेल तर सूर्यास्तापूर्वी परत करावे. आणि ह्या दोहोंच्या मध्ये एक लहानशी आज्ञा आहे, जिच्याकडे आमच्या मंडळ्यांत फारसे लक्ष दिले जात नाही: गहाण घेण्यासाठी धनकोने ऋणकोच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे, आणि ऋणकोने स्वतः वस्तू बाहेर आणून द्यावी. ह्या आज्ञेने ऋण एका दिडकीने कमी झाले नाही. धनकोचा हक्कही नाकारला गेला नाही. फक्त त्याने कोठे उभे राहावे एवढे ठरवून दिले. आमच्या मते साऱ्या विषयाचे मर्म ह्या उंबरठ्यात आहे. देणेकरी झाला म्हणून माणूस आपल्या घराचा धनी राहत नाही असे नाही. आत काय आहे, त्यातले कोणते आधी जावे व कोणते राहावे, मुलाचे पांघरूण द्यावे की पितळी हंडा द्यावा, हे ठरविण्याची जागा त्याच्यापाशी राहिली पाहिजे.

ह्या उंबरठ्याची किंमत आमच्या जिल्ह्याने फार पूर्वी जाणली आहे. 12 मे 1875 रोजी सुपे येथील बाजारात शेतकरी जमले व त्यांनी सावकारांच्या घरांतून रोखे, दस्तऐवज व वह्या काढून जाळल्या. ती आग पुणे व अहमदनगर जिल्ह्यांच्या पुष्कळ गावांत पसरली. दंगेखोरांनी माणसांच्या जिवापेक्षा कागदांवर अधिक राग काढला, हे त्या काळच्या सरकारासही नवल वाटण्याजोगे होते. आम्ही दंग्याचे समर्थन करीत नाही. परंतु चौकशी होऊन 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्याने दोन मोठ्या गोष्टी केल्या. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्यास अटक करणे बंद केले, आणि विशेष गहाण लिहून दिलेली नसेल तर त्याची जमीन जप्त करणेही बंद केले. ह्याशिवाय न्यायाधीशाने रोख्यावरील आकडा मुकाट्याने मान्य न करिता व्यवहाराचा मुळापासून हिशेब तपासावा, असेही सांगितले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे ह्यांनी ह्याच कायद्याखाली खास न्यायाधीशाचे काम केले. तो कायदा आता राहिलेला नाही. पण जमीन ही शेतकऱ्याच्या उंबरठ्याच्या आत आहे, एवढी गोष्ट त्याने मान्य केली होती.

मग मुळशीस काय झाले ते पाहावे.

निळा व मुळा ह्या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधावे, पाणी घाटाखाली भिरा येथे सोडून वीज करावी आणि ती मुंबईस पुरवावी, अशी टाटा कंपनीची योजना होती. खोऱ्यातील आंबेमोहर भाताची खाचरे बुडणार होती. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट ह्यांस लोक सेनापती म्हणू लागले ते ह्याच लढ्यामुळे. विनायकराव भुस्कुटे त्यांच्याबरोबर होते. 1924 च्या अखेरीस लढा संपला व धरण झाले. ही हकीकत शाळेतील मुलांसही ठाऊक असते. तिच्या पोटात दडलेली कर्जाची हकीकत मात्र थोडक्यांसच ठाऊक आहे.

मावळातील पुष्कळ जमिनी सावकारांकडे गहाण होत्या. सावकारांपैकी अनेक जण पुण्यास राहात. मावळा खाचर कसत होता, व्याज भरीत होता, एखाद्या चांगल्या वर्षी थोडे मुद्दल फेडीत होता, आणि जमीन सुटेल ह्या आशेवर दुसरे वर्ष काढीत होता. ही स्थिती सुखाची नव्हती, पण ती चालत होती. कारण जमीन जागची हलत नव्हती. 1894 च्या भूसंपादन कायद्याने ती सरकारात घेतली जाताच तिचे रुपये झाले. त्या कायद्यात मोबदल्यावर हितसंबंध सांगणारा प्रत्येक जण हक्कदार ठरे, म्हणजे गहाणदार सावकारही. आणि वाटपाचा तंटा पडल्यास तो कोर्टाकडे जाई. गहाणाचे पैसे आधी वजा होणे ओघानेच आले. ज्या साध्या देण्यासाठी 1879 च्या कायद्याने जमिनीस हात लावू दिला नसता, त्या देण्यासाठी रोकडीस हात लावण्यास मात्र तो कायदा आड येत नव्हता, कारण त्याने रक्षण केले होते ते जमिनीचे. पुण्यातील पुष्कळ जमीनदार-सावकारांस लढ्यापेक्षा मोबदला बरा वाटला, ह्यात म्हणूनच आश्चर्य नाही. वर्षानुवर्षे अडकलेले येणे एका झटक्यात मोकळे होत होते.

'जान किंवा जमीन' ही त्या लढ्याची घोषणा होती. मोबदला मिळत असता हा हट्ट कशासाठी, असे तेव्हाही कित्येक शहाणे विचारीत, व आजही विचारितात. आम्हांस वाटते की मावळ्यास हिशेब त्यांच्याहून नीट कळत होता. जमीन आहे तोवर सावकार बाहेर उभा आहे. तिचे पैसे झाले की तो आत आला. एकच मालमत्ता, एकच किंमत, पण एका रूपात ती निर्वाहाचे साधन होती आणि दुसऱ्या रूपात नुसती एक रक्कम. रकमेस पाहून ती कशाची होती हे कळत नाही.

आज आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांची जमीन धरणात जात असेल. परंतु मुळशीच्या खाचरांचे जे झाले तेच आता मजुरीचे, निवृत्तिवेतनाचे व पिकाच्या नुकसानभरपाईचे होत आहे, आणि त्यास कोणी लढा म्हणत नाही. एके काळी बँकेत खाते असणे हे सधनतेचे लक्षण होते. खात्यात असेल ते शिलकीचेच असणार, असे धरून चालणे फारसे चुकीचे नव्हते. ऑगस्ट 2014 मध्ये जनधन योजना निघाल्यापासून गरिबांतील गरिबाचेही खाते झाले. त्यात पुष्कळ हित आहे, आणि मधल्यांच्या खिशात जाणारे पैसे सरळ मिळू लागले हे आम्ही नाकारीत नाही. पण त्यामुळे एक गोष्ट उलटी झाली. पूर्वी मजुरी हातात पडे, आणि मजुराच्या मुठीतून ती काढून घेण्यास कोणी बेलीफ येत नसे. आता ती प्रथम अशा एका जागी पडते जेथे धनको आधीच वाट पाहात उभा असू शकतो. कणगीतले दाणे दिसतात. हे पेरणीचे आहेत असे बेलीफास दाखविता येते. खात्यातील 7,000 रुपये बियाण्याचे आहेत की चैनीचे, हे यंत्रास कसे कळावे? 60 वे कलम नांगर ओळखते, बैल ओळखते, दाणे ओळखते. त्यांचे पैसे झाले की ते गोंधळते.

येथे सर्वोच्च न्यायालयाच्या एका निवाड्याचा उल्लेख करणे आम्हांस अगत्याचे वाटते. निवृत्तिवेतन व उपदान ह्यांचे पैसे हातात पडल्यावर बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवले, तर ते जप्तीस पात्र होतात काय, असा प्रश्न त्याच्यापुढे आला. नोव्हेंबर 2008 मध्ये न्यायालयाने ठरविले की, असे पैसे मिळाल्यानंतरही आपले मूळचे स्वरूप टाकीत नाहीत, व कलम 60 चे संरक्षण त्यांच्या मागोमाग ठेवीपर्यंत जाते. ज्यांनी हा निवाडा ऐकला नाही अशा निवृत्त शिक्षकांस व नोकरांस तो कोणीतरी सांगितला पाहिजे. पैशास नाव नसते असे बाजारात म्हणतात. न्यायालयाने ह्या बाबतीत निराळे म्हटले: ते कोठून आले हे विचारावे लागेल. अतिवृष्टीने पीक गेलेल्यांस मदत देताना, त्या रकमेतून बँकांनी कर्जाची वसुली करू नये असे राज्य सरकारही आपल्या आदेशांत लिहीत आले आहे. तेही ह्याच विचाराने. खेदाची गोष्ट इतकीच की, आदेश वरती लिहिला जातो आणि होल्ड खाली लागतो.

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणे ऐकले पाहिजे, कारण ते वजनदार आहे. धनको म्हटला की आमच्या डोळ्यांपुढे पागोटे घातलेला सावकार उभा राहतो; पण आज पुष्कळ ठिकाणी धनको म्हणजे गावची पतसंस्था असते, आणि तिच्यात ठेवलेले पैसे एखाद्या विधवेच्या मुलीच्या लग्नाचे असतात. कर्जदाराच्या मजुरीस हात लावू नका, असे सांगताना त्या विधवेस आम्ही काय सांगणार? ज्याने ट्रॅक्टर घेतला, हप्ते थकविले, आणि घरापुढे मांडव घालून बारसे केले, त्याच्या दारी संस्थेचा वसुली अधिकारी उभा राहिला तर त्यात अन्याय तो कोणता? अशा प्रसंगी धनकोस कठोर म्हणणे हा कर्जदाराचा कांगावा असू शकतो. आम्ही स्वतः मंडळ्यांतून असा कांगावा ऐकला आहे, आणि त्यास शास्त्रवचनांचा मुलामा दिलेला पाहून आम्हांस लाज वाटली आहे.

तरीही ह्या आक्षेपाने मूळ प्रश्न सुटत नाही. बारसे करणाऱ्याचा ट्रॅक्टर न्यावा. त्यास आमची हरकत नाही. विधवेच्या ठेवीचे रक्षण व्हावे म्हणून दुसऱ्या कोणाच्या चुलीतील लाकूड काढावे लागते, असे मात्र सहसा घडत नाही. ज्या संस्था बुडाल्या त्या थोड्या मोठ्यांनी घेतलेल्या व न फेडलेल्या कर्जांनी बुडाल्या; मजुरांच्या आठवड्याच्या पगारास हात लावला नाही म्हणून बुडाल्याचे आमच्या पाहण्यात नाही. पण वसुली सोपी पडते ती लहानाकडूनच. त्याचा वकील नसतो, त्याचे खाते एकच असते, आणि त्यात काय येते व कोणत्या तारखेस येते हे सर्वांस ठाऊक असते.

ह्यात सर्वांत अधिक भाजून निघतो तो जामीनदार, आणि आमच्या वाचकांपैकी पुष्कळ जण कोणा ना कोणाचे जामीनदार आहेत, म्हणून येथे थोडे थांबतो. ज्यास ठरलेला पगार मिळतो त्याच्याकडे गाव सहीसाठी येते. शिक्षक, शिपाई, दवाखान्यातील परिचारिका, मंडळीचा उपदेशक. नाही म्हणणे जड जाते. नीतिसूत्रांत ह्याविषयी जी ताकीद दिली आहे ती उपदेशाच्या वेळी वाचली जाते आणि सहीच्या वेळी विसरली जाते. कायदा असा आहे की, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. 'आधी त्याच्याकडून घ्या, मग माझ्याकडे या' असे त्यास म्हणता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये स्पष्ट केले आहे. पगाराची जप्ती झाली तर पहिले 1,000 रुपये व उरलेल्या रकमेचे दोन-तृतीयांश सोडून बाकीचेच घेता येते, आणि एकाच हुकूमनाम्यासाठी अशी जप्ती एकंदर 24 महिने झाली म्हणजे त्या हुकूमनाम्यापुरता तो पगार कायमचा सुटतो. हे नियम उपयोगाचे आहेत. पण तो 1,000 चा आकडा 1999 च्या दुरुस्तीने आला व 2002 साली लागू झाला. तेव्हा हजार रुपयांत घरी काय येई व आज काय येते, हे गृहिणींस सांगावे लागत नाही.

मुळशी तालुक्यातच दुसरेही एक उदाहरण आहे. मोसे नदीच्या खोऱ्यात लवासा नावाचे नवे शहर वसविण्याचा उद्योग झाला. कर्जे थकली, आणि ऑगस्ट 2018 मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत दाखल झाली. 2016 च्या दिवाळखोरी संहितेचे 14 वे कलम असे आहे की, कंपनीचे प्रकरण दाखल होताच तिच्याविरुद्धचे दावे थांबतात, झालेल्या हुकूमनाम्यांची अंमलबजावणी थांबते, तिच्या मालमत्तेस कोणी हात लावू शकत नाही. हेतू असा की, सर्व धनकोंनी एकदम लचके तोडले तर कंपनी मरेल, आणि मग कोणासच काही मिळणार नाही. तिला थोडा श्वास घेऊ द्यावा. ही व्यवस्था शहाणपणाची आहे. घरांसाठी पैसे भरून बसलेले पुष्कळ साधे लोक तीत अडकलेले असतात, आणि धाईने कोणाचे भले झाले नसते. आमचा प्रश्न एवढाच की, जो श्वास कंपनीस मिळतो तो तिच्या शेजारच्या डोंगरउतारावर भात लावणाऱ्यास का मिळू नये? त्याच संहितेत सामान्य माणसांसाठीही एक भाग 2016 साली लिहिला गेला. डिसेंबर 2019 मध्ये त्यातून जो अंमलात आला तो कंपन्यांच्या जामीनदारांपुरता. ज्याचे ऋण काही हजारांचे आहे त्याच्या वाट्यास तेव्हा काही आले नाही. धनकोने थांबावे, उंबरठ्याबाहेर उभे राहावे, हे तत्त्व मोठ्यांच्या बाबतीत मान्य झाले आहे; लहानांच्या बाबतीत ते अजून दयेचा विषय समजले जाते.

ऋणकोविषयीही दोन शब्द लिहिणे आमचे कर्तव्य आहे. हुकूमनामा झाल्याची कुणकुण लागताच पैसे मेहुण्याच्या खात्यात टाकणे, जमीन बायकोच्या नावे करणे, बैल सोयऱ्याच्या गोठ्यात बांधणे, हे प्रकार आमच्यांतही होतात. आपला उंबरठा धनकोने पाळावा अशी ज्याची इच्छा आहे, त्याने आत काय आहे ते खरे सांगितले पाहिजे. मोशेच्या आज्ञेतील ऋणको वस्तू स्वतःच्या हाताने बाहेर आणतो, हे विसरता येत नाही. कायदाही हाच भेद करितो. 1980 मध्ये न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर ह्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा लिहिताना असे ठरविले की, केवळ देता येत नाही म्हणून कोणास तुरुंगात घालता येणार नाही. देण्याची ऐपत असून बुडविण्याची बुद्धी दिसली पाहिजे. दारिद्र्य व लबाडी ह्यांच्यामध्ये एवढी रेघ ओढली गेल्यावर, दरिद्री माणसाने लबाडी करून ती आपल्या हाताने पुसू नये.

तेव्हा ज्याच्या खात्यावर अशी नोटीस आली असेल त्याने घाबरून घरी बसू नये. पासबुक भरून घ्यावे, आणि प्रत्येक जमेपुढे ती कोठून आली हे कोणा लिहित्या-वाचत्याकडून पेन्सिलीने लिहून घ्यावे: ही मजुरी, हे निवृत्तिवेतन, ही अतिवृष्टीची मदत, हे भात विकल्याचे. मग तो कागद घेऊन कोर्टात अर्ज करावा की, ह्यातील अमुक रक्कम कलम 60 खाली जप्तीस पात्र नाही. उरलेल्यासाठी हप्ते मागावे. हुकूमनाम्यानंतर धनको कबूल झाला तर कोर्टास हप्ते ठरवून देता येतात. तालुक्याच्या विधी सेवा समितीत गरिबास वकील फुकट मिळतो. उपदेशक बंधूंनी अशा वेळी प्रार्थना करावीच, पण अर्जही लिहून द्यावा, आणि धनको मंडळीतलाच असेल तर त्याच्याही घरी जाऊन बसावे.

धनकोच्या घरी काय बोलावे हे प्रत्येकास आपापल्या परीने सुचेल. एवढे त्यास सांगता येईल की, दिवाणी हुकूमनाम्याची मुदत 12 वर्षांची असते. मुळशीत भात जूनमध्ये पेरितात व दिवाळीच्या सुमारास कापितात.